जुन्या सफारीत डिझेल एअर हीटर : कुठे बसवायचा, कसा बसवायचा?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००८ ची टाटा सफारी आहे, २.२ डायकॉर डिझेल इंजिन, फोर बाय फोर. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी झाली आहे, इंजिन ठणठणीत आहे. येत्या जानेवारीत शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो असे करत स्पितीत जायचे ठरते आहे. कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद असते, म्हणजे परतीचा रस्ताही तोच. मुक्काम गावातल्या घरांमध्येच करणार. पण नाकोच्या अलीकडे-पलीकडे दरडी येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे दरड, मागे दरड अशी वेळ आली तर एखादी रात्र गाडीत काढावी लागेल, आणि तिथे जानेवारीत रात्रीचा पारा उणे वीसच्या आसपास असतो.

इंजिन रात्रभर चालू ठेवून ब्लोअर लावायचा नाही हे नक्की. म्हणून ट्रकमध्ये असतो तसा डिझेल एअर हीटर बसवावा म्हणतो. अडतंय ते असे : पुढच्या डाव्या सीटखाली बसवावा की मागे डिकीच्या बाजूला? डिझेल गाडीच्या टाकीतून घ्यावे की वेगळी छोटी टाकी लावावी? आणि उंचीवर हे यंत्र काजळी धरते म्हणतात, त्याचे काय? ज्यांनी स्वतः बसवला आहे किंवा जवळून पाहिला आहे त्यांनी सविस्तर लिहा.

तुळशीबागवाला
पुण्यात हीटर! मे महिन्यात त्याच्यावर कुरडया वाळवता येतील, घरचे खूश होतील. :-)
बाकी जाणकार सांगतीलच. वाचतोय.

मुग्धा_नाशिक
बाळबोध शंका आहे. गाडीत हीटर आधीपासून असतोच ना? मग हा वेगळा कशाला?

ओस्लोकर
मुग्धाताई, शंका अगदी रास्त आहे. गाडीतला नेहमीचा हीटर इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो. इंजिन बंद झाले की थोड्या वेळात तोही थंड. डिझेल एअर हीटरचा इंजिनशी संबंधच नसतो. त्याच्या पोटात एक छोटी भट्टी असते. एक चिमुकला पंप टिक-टिक करत थेंबाथेंबाने डिझेल ढकलतो, हीटर प्लग ते पेटवतो, आणि भट्टीभोवतीच्या अॅल्युमिनियमच्या पंखांवरून पंखा गाडीतली हवा फिरवतो. महत्त्वाची गोष्ट ही की हवेचे दोन मार्ग पूर्ण वेगळे असतात. जळणासाठी लागणारी हवा गाडीखालून येते आणि धूर गाडीखालीच बाहेर जातो. आपण श्वासात घेतो ती हवा फक्त पंखांवरून गरम होऊन येते, ज्वाळेला शिवत नाही.

वेबास्टो आणि एबरस्पेशर ही यातली दोन जुनी जर्मन नावे. इथे नॉर्वेत ट्रक, बोटी, रुग्णवाहिका, सगळीकडे दिसतात. माझ्या जुन्या लँड क्रूझर ८० मध्येही आहे. आता चिनी बनावटीचे खूप स्वस्तात मिळतात आणि रचना जवळजवळ तीच असते.

घाटमाथा, पहिला सल्ला : २ किलोवॉटचाच घ्या. ५ किलोवॉट ऐकायला भारी वाटतो, पण सफारीएवढ्या जागेत तो सतत मंद आचेवर चालेल. मंद आचेवर डिझेल नीट जळत नाही आणि काजळी साचते. लहान हीटर जोरात चालणे केव्हाही चांगले. २ किलोवॉटचा हीटर तासाला साधारण ०.१ ते ०.२८ लिटर डिझेल खातो. दहा तासांची रात्र धरली तरी दोन-अडीच लिटरमध्ये भागते.

शंकेखोर
मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. उणे वीससाठी चांगली स्लीपिंग बॅग मिळते, दोन लोकरी टोप्या घाला, झाले. स्पितीतले लोक पिढ्यान् पिढ्या तंदूरभोवती हिवाळा काढतात, त्यांच्याकडे कुणाकडे जर्मन हीटर आहे? जुन्या गाडीच्या पत्र्याला भोके पाडून आत आग ठेवायची म्हणजे धोका विकत घेणे.

घाटमाथा
शंकेखोर, स्लीपिंग बॅग घेतोच आहे, त्यात वाद नाही. पण सोबत वडील आहेत, वय ६८. बॅगेतून बाहेर येऊन काच पुसणे, पाणी तापवणे, पायांना हालचाल देणे, यासाठी आतली हवा शून्याच्या वर असावी एवढीच अपेक्षा आहे. आणि तंदूर गावात असतो, दरडीपाशी नसतो.

नाना_गॅरेज
कोल्हापुरातून लिहितोय. सफारी, सुमो, बोलेरो यांच्या पत्र्याशी माझी आयुष्यभराची ओळख आहे. हीटरही बसवलेत, बहुतेक बंगळूर आणि पुण्याच्या कॅम्परवाल्यांसाठी. जागेबद्दल सांगतो.

पुढची डावी सीट ही सगळ्यात चांगली जागा. तिथे बॅटरीची वायर जवळ पडते, गरम हवा थेट पायांशी येते आणि मग मागे पसरते. सीट काढा, कार्पेट उचला, खालून टॉर्च मारून बघा. चासीचा गर्डर, ब्रेकचा पाइप, डिझेलचा पाइप, वायरिंग हे सगळे कुठून जाते ते खडूने पत्र्यावर आखून घ्या. मगच होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, लावा. भोक पाडल्यावर कडा कानशीने घासा, प्रायमर मारा, वर रंग. सोळा-सतरा वर्षांचा पत्रा आहे, कोरी कड उघडी ठेवली तर पहिल्या पावसाळ्यातच गंज धरतो. हीटरखाली जाड प्लेट आणि गॅस्केट पाहिजेच. हीटरचे तीनही पाय, म्हणजे हवा आत, धूर बाहेर आणि डिझेल, पत्र्याच्या खालीच संपले पाहिजेत. धुराच्या पाइपाचा एकही जोड गाडीच्या आत नको. हे मी कुणाचेही ऐकून बदलत नाही. गिऱ्हाईक हट्टाला पेटले तर काम सोडून देतो.

डिकीकडे बसवला तर सामान त्याच्यावर येते, हवा कोंडते, हीटर तापून स्वतःच बंद पडतो.

मुग्धा_नाशिक
धन्यवाद ओस्लोकर, आता कळले. नाना, "काम सोडून देतो" हे फार आवडले.

ओस्लोकर
नानांशी शंभर टक्के सहमत, फक्त एक भर. धुराच्या पाइपाचे तोंड गाडीच्या बाजूला, मागच्या दिशेने आणि खाली वळलेले असावे. पुढे तोंड केले तर चालत्या गाडीत वारा आत घुसतो. हवा आत घेणाऱ्या पाइपापासून ते लांब हवे, नाहीतर हीटर आपलाच धूर पुन्हा ओढतो. पाइपाच्या सर्वात खालच्या जागी बारीक भोक ठेवा, जळणातून तयार होणारे पाणी तिथून निथळते. नाहीतर त्याचा बर्फ होऊन पाइप तुंबतो. पाइपाला फायबरग्लासचे कापड गुंडाळा, तो चांगलाच तापतो.

डॉ_अनुजा
मी भूलतज्ज्ञ आहे. गाडीतले मला काही कळत नाही, पण धुराबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे, झोप अनावर होणे ही त्याची लक्षणे. आता उंचीवरच्या आजाराची लक्षणे आठवा : डोकेदुखी, मळमळ, थकवा. दोन्ही अगदी सारखी. नाकोला वडिलांचे डोके दुखू लागले की सगळे म्हणणार, "उंचीचा त्रास आहे, झोपू दे त्यांना." हाच खरा धोका आहे. दुसरे म्हणजे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवू नका. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही. माणूस गुदमरत असताना आकडा चांगला दिसू शकतो.

म्हणून मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, आणि तो झोपताना डोक्याच्या उंचीवर. युरोपीय मानक ईएन ५०२९१ लिहिलेला घ्या. त्या मानकाप्रमाणे हवेत दहा लाखात ३०० भाग झाले तर तो तीन मिनिटांच्या आत वाजलाच पाहिजे, १०० भागांना दहा ते चाळीस मिनिटांत. गाडीत कुणाचेही डोके दुखू लागले तर आधी हीटर बंद करायचा, दार उघडायचे, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणायचे. उंचीची चर्चा त्यानंतर.

शंकेखोर
अनुजाताई, हे मुद्दे माझ्याच बाजूचे झाले! :-)

डॉ_अनुजा
पूर्ण नाही. लोक इंजिन चालू ठेवून झोपतात, टपरीतली शेगडी गाडीत घेतात, गॅसचा छोटा बर्नर पेटवतात. त्या सगळ्याच्या तुलनेत धूर बाहेर सोडणारे बंदिस्त यंत्र मला कितीतरी बरे वाटते. माझी अट अलार्मची आहे आणि एक काच बोटभर उघडी ठेवण्याची.

नाना_गॅरेज
डॉक्टरांनी सांगितले त्याला गॅरेजची बाजू जोडतो. जुन्या गाडीत धूर हीटरमधून येत नाही, भोकांतून येतो. मागच्या दाराचे रबर कडक होऊन चिरलेले असते. वायरिंग जिथून आत येते तिथले ग्रोमेट, म्हणजे भोकातल्या रबरी कड्या, झिजून पडलेले असतात. फ्लोअरमधले पाणी काढायचे बूच गेलेले असते आणि मॅटखाली गंजाने चाळण झालेली असते. गाडी उभी असली, वारा नसला की खालचा धूर खालीच रेंगाळतो आणि या भोकांतून वर चढतो. तेव्हा हीटर घ्यायच्या आधी सफारीचा सगळा फ्लोअर उघडा करा. रात्री अंधारात गाडीखाली दिवा लावा आणि आत बसून बघा, कुठून उजेड येतो ते. तिथे तिथे पत्रा आणि सीलंट. मागच्या दाराला नवे रबर टाका. हा खर्च हीटरपेक्षा महत्त्वाचा.

घाटमाथा
नाना, दिव्याची युक्ती आजच रात्री करून बघतो. डॉक्टर, मनापासून आभार. ऑक्सिमीटरचा मुद्दा मला अजिबात माहीत नव्हता.

सुभेदार_सातारा
सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलात होतो, लडाखमध्ये बरीच वर्षे गाड्या सांभाळल्या. इंधनाबद्दल लिहितो.

आपल्याकडच्या साध्या डिझेलच्या हिवाळी मानकात गोठणबिंदूची मर्यादा ३ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे पुण्यातून किंवा राजस्थानातून भरून नेलेले डिझेल उणे पंधराला मेणासारखे घट्ट होणार हे धरूनच चला. आधी फिल्टर तुंबतो, मग गाडी सुरू होत नाही, आणि त्याच टाकीतून ओढणारा हीटरही बंद. म्हणजे ज्या रात्रीसाठी हीटर घेतला त्याच रात्री तो उपयोगाचा नाही. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी हिवाळी डिझेल आणले, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. त्याआधी आम्ही काय काय करायचो ते विचारू नका. टाकीखाली स्टोव्ह पेटवणारे ड्रायव्हर पाहिलेत मी. असे कुणीही करू नका.

माझे मत : हीटरला वेगळी टाकी. गाडीच्या टाकीत रॉकेल मिसळायचे नाही, कारण तुमचे डायकॉर म्हणजे कॉमन रेल इंजिन. त्याचा उच्च दाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, रॉकेलला तो स्निग्धपणा नाही. जुन्या पंपाची इंजिने चालवून घ्यायची, ही घेत नाहीत. हीटरच्या भट्टीला मात्र रॉकेल चालते, उलट काजळी कमी धरते.

ओस्लोकर
इथे माझे मत थोडे वेगळे. नॉर्वेत सगळे गाडीच्याच टाकीत वेगळी नळी सोडतात. नळीचे तोंड तळापासून वर ठेवतात, त्यामुळे हीटरने कितीही ओढले तरी गाडीपुरते डिझेल उरते. टाकी एकच, गळतीच्या जागा कमी, वास नाही. आत किंवा डिकीत प्लॅस्टिकची डिझेलची टाकी ठेवायला माझा ठाम विरोध आहे.

सुभेदार_सातारा
साहेब, तुमच्याकडे ऑक्टोबर उजाडला की पंपावर हिवाळी डिझेल येते. इथे चंदीगडला भरलेले डिझेल घेऊन माणूस स्पितीतल्या काझाला पोचतो. परिस्थिती वेगळी म्हणून उपाय वेगळा. टाकी आत ठेवा असे मी म्हटलेले नाही. बाहेर, पत्र्याच्या आवरणात, पट्ट्याने घट्ट बांधलेली.

ओस्लोकर
मान्य. इंधन कुठले मिळते यावर सगळे आहे. बाहेरची टाकी असेल तर माझा आक्षेप मागे.

नाना_गॅरेज
टपावर नको फक्त. जोड सुटला तर सगळे डिझेल काचेवरून खाली. मागच्या बंपरला ब्रॅकेट करून ७ लिटरची बसते. तीन रात्री निघतात. मात्र स्टेपनी मागच्या दारावर आहे, दार पूर्ण उघडते ना ते ब्रॅकेट वेल्ड करायच्या आधी बघा.

मी_मराठवाडी
रॉकेल आणायचे कुठून पण? आमच्याकडे रेशनचे बंद होऊन जमाना झाला.

सुभेदार_सातारा
रेशनचे निळे रॉकेल गाडीत वापरणे बेकायदेशीर आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. खुल्या बाजारात पांढरे मिळते. महाग असते, पण लागणार चार-पाच लिटर.

विदर्भवीर
अवांतर : २००८ ची डिझेल गाडी घेऊन दिल्लीवरून जाणार आहात का? २०१५ मध्ये हरित लवादाने राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यानंतरही आदेश बदलत आलेत. निघायच्या आठवड्यात काय स्थिती आहे ते नीट बघा. आणि हे क्षेत्र म्हणजे फक्त दिल्ली नाही. गुरुग्राम, रेवाडी, रोहतक, पानिपत, कर्नाल, भिवानी, जिंद सगळे त्यात येते.

घाटमाथा
म्हणूनच अजमेर, सीकर, मग हिसार, कैथल, अंबाला असा बेत आहे. हिसार आणि कैथल त्या क्षेत्राबाहेर आहेत. थोडा वळसा घालून होईल, फक्त मधला रस्ता जिंद किंवा भिवानीच्या हद्दीतून जात नाही ना ते बघून घेतो.

विदर्भवीर
उत्तम. सीकर भागात जानेवारीच्या पहाटे धुके असते. सकाळी उशिरा निघा.

कायदाप्रेमी
बदलाच्या कायदेशीर बाजूबद्दल : मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीपत्रातले तपशील आणि निर्मात्याचे मूळ तपशील यांत तफावत येईल असा बदल करता येत नाही. हीटरने इंजिन, आसने, रंग, मोजमाप काही बदलत नाही, पण इंधनावर चालणारे ज्वलनयंत्र गाडीत आहे हे विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. उद्या गाडीने पेट घेतला तर पहिला प्रश्न तोच येईल. आणि अग्निशामक सिलिंडर ड्रायव्हरच्या हाताशी.

कॅल्गरीकर
उशिरा आलो, पण बॅटरीबद्दल कुणीच लिहिले नाही म्हणून लिहितो. इकडे अल्बर्टात उणे तीस नेहमीचे.

हीटर सुरू होताना हीटर प्लगसाठी ८ ते १० अँपिअर ओढतो, काही मिनिटे. एकदा ज्वाला धरली की फक्त पंखा आणि पंप, एक-दोन अँपिअर. रात्रभरात वीस अँपिअर-तास धरा. चांगल्या बॅटरीला हे जड नाही. पण थंडीत शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्यावर येते, आणि सकाळी तिनेच डिझेल इंजिन फिरवायचे आहे. म्हणून हीटरला दुसरी बॅटरी, मधे रिले, इंजिन चालू असतानाच दोन्ही जोडल्या जातील असा. दुसरी बॅटरी लिथियमची घेत असाल तर शून्याखाली ती चार्ज करता येत नाही, पेशी खराब होतात. तिला गाडीच्या आत, उबेत ठेवा किंवा सरळ शिशाची घ्या.

वायर जाड हवी, ४ चौरस मिलिमीटर तरी. हीटरसोबत येते ती बारीक वायर लांबवली की सुरू होतानाच व्होल्टेज पडतो, प्लग लाल होत नाही, डिझेल न जळता भट्टीत साचते आणि पांढरा धूर. लोक मग हीटरला दोष देतात. बॅटरीजवळ फ्यूज विसरू नका.

आणि हीटर बंद करताना बटणानेच करा. तो पुढची काही मिनिटे पंखा चालवून स्वतःला थंड करतो. मुख्य स्विच काढून एकदम वीज तोडली तर आतली उष्णता आतच राहते आणि कंट्रोलरची प्लेट जळते.

घाटमाथा
हे सगळे वहीत उतरवून घेतोय. उंचीचा प्रश्न मात्र राहिला.

ओस्लोकर
तो मुद्दामच शेवटी ठेवला होता, कारण तिथेच बहुतेक हीटर मान टाकतात. पंप दर टिकेला ठरलेलेच डिझेल देतो, तो हवेचा दाब बघत नाही. काझाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. डिझेल तेवढेच, प्राणवायू कमी. स्टोव्हला पंप जास्त आणि हवा कमी झाली की ज्वाला पिवळी होऊन भांडे काळे पडते ना, तसेच आत होते. भट्टीतली जाळी काजळीने बुजते आणि मग हीटर पेटतच नाही. शिवाय अर्धवट जळणामुळे धुरात मोनॉक्साइड वाढतो, म्हणजे डॉक्टरांचा मुद्दा उंचीवर दुप्पट लागू.

उपाय दोन. दाब मोजणारा सेन्सर असलेला हीटर घ्यायचा, तो पंपाची गती आपोआप कमी करतो. किंवा ज्या कंट्रोलरमध्ये पंपाची गती आणि पंख्याचे फेरे हाताने बदलता येतात तो घ्यायचा. पहिला महाग, पण वडील सोबत आहेत तर मी तोच घेईन. आणि कुठलाही असो, झोपताना मंद ठेवला तर उठल्यावर पंधरा-वीस मिनिटे पूर्ण जोरात चालवा. काजळी बरीचशी जळून जाते.

सह्याद्रीपुत्र
म्हणजे उंचीची चाचणी महाराष्ट्रात करणे शक्यच नाही! कळसूबाई १६४६ मीटर, तेही पायी. गाडी जाते तिथे महाबळेश्वर, साडेतेराशेच्या आसपास.

सुभेदार_सातारा
बरोबर. म्हणून जाताना टप्प्याटप्प्याने तपासा. नारकंडा साधारण २७००, कल्पा २९०० च्या वर, नाको ३६००. प्रत्येक मुक्कामी दिवसाउजेडी अर्धा तास हीटर चालवा आणि बाहेर येऊन धूर बघा. नीट जळत असेल तर धूर दिसत नाही, फक्त थंडीतली वाफ. काळा दिसला तर डिझेल कमी करा. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा दिसला तर पेटतच नाहीये. नाकोला जर मनासारखा चालला नाही तर पुढे त्याच्या भरवशावर जाऊ नका. बर्फ पडत असेल तर दर दोन तासांनी उठून पाइपाचे तोंड मोकळे आहे का बघायचे. गाडीभोवती बर्फ साचला की धूर खालीच कोंडतो. त्या वेळी हीटर बंद, बॅग चालू.

शंकेखोर
सुभेदार साहेब, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून माझा विरोध बराच कमी झाला. एवढी शिस्त पाळणार असाल तर जरूर बसवा. फक्त काचांचे काय? सफारीच्या काचा केवढ्या मोठ्या. सगळी ऊब तिथूनच जाणार.

मुग्धा_नाशिक
याचे उत्तर मी देऊ शकते! चंदेरी बबल शीट प्रत्येक काचेच्या मापाने कापायचे, आतल्या बाजूला योगा मॅट चिकटवायची आणि काचेत दाबून बसवायचे. आम्ही भंडारदऱ्याच्या कॅम्पिंगला उन्हासाठी हेच करतो. थंडीतही चालेलच.

कॅल्गरीकर
चालते, आम्ही इकडे तेच करतो. शिवाय काचेवर घाम कमी धरतो. हीटर आतलीच हवा फिरवत असेल तर चार माणसांच्या श्वासाची वाफ साचते, म्हणून ती बोटभर उघडी काच पुन्हा आठवण करून देतो.

तुळशीबागवाला
माझी कुरडयांची सूचना मागे घेतो. हा धागा छापून सफारीच्या कप्प्यात ठेवण्यासारखा झालाय.

घाटमाथा
मंडळी, प्रगती कळवतो. अंधारात दिवा लावून पाहिले. क्लचच्या पेडलजवळचे ग्रोमेट पूर्ण गेलेले आणि मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर गंजाची भोके. पत्रा मारून घेतला, मागच्या दाराला नवे रबर. हीटर २ किलोवॉट, उंचीचा सेन्सर असलेला, पुढच्या डाव्या सीटखाली. ७ लिटरची टाकी मागच्या बंपरवर पत्र्याच्या पेटीत. दार पूर्ण उघडते. दुसरी बॅटरी शिशाचीच. अलार्म दोन घेतले, एक पुढे, एक मागे. विमा कंपनीला ईमेल केला, पोच आली.

पुण्यात पूर्ण जोरावर चालवून पाहिला, धूर दिसत नाही. दोन शंका राहिल्या. पंपाची टिक-टिक फ्लोअरमधून फार जोरात ऐकू येते, वडिलांना झोप लागणार नाही. आणि किटमधली हिरवी मऊ नळी टाकीपासून हीटरपर्यंत वापरली आहे, त्यात बुडबुडे दिसतात. चालेल का?

नाना_गॅरेज
चालणार नाही. ती हिरवी नळी काढून टाका. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला ती फुगते, डिझेल पोचते कमी-जास्त आणि ज्वाला थरथरते. थंडीत ती कडक होऊन जोडावर चिरते ते वेगळेच. २ मिलिमीटर आतल्या व्यासाची कडक नायलॉनची नळी घ्या. जोडात दोन्ही टोके सरळ कापून एकमेकांना भिडवा आणि वरून रबराचा तुकडा, दोन्हीकडे क्लॅम्प. मधे फट राहिली की तिथेच बुडबुडा धरतो.

पंप कसा बसवलाय? आडवा असेल तर तेही बदला. तोंड वर करून तिरका हवा, पंधरा ते पंचेचाळीस अंश, म्हणजे आतली हवा पुढे निघून जाते. चासीला थेट बोल्ट मारला असेल म्हणूनच आवाज येतोय. मधे रबरी बुश घाला, नळीही पत्र्याला घासू देऊ नका, फोमच्या तुकड्यातून न्या.

घाटमाथा
आडवाच आहे नाना, आणि थेट बोल्टवर. शनिवारी दोन्ही बदलतो.

नाना_गॅरेज
बदलल्यावर खालून काढलेले फोटो टाका. पंप, धुराचा पाइप आणि टाकीचा जोड, तिन्ही दिसू देत. ते बघून मगच निघा.